खोडदच्या दुर्बिणीच्या डिशचा फोटो छापता, काम पण छापा

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला ताऱ्यांवरचा लेख वाचला. चांगला होता, पण नेहमीच्या ठिकाणीच थांबला, तारे फुटतात, लोखंड-ऑक्सिजन बाहेर पडतं आणि त्यातून आपण बनलो. अहो हे आता शाळेतल्या पोरांना पण पाठ आहे! खरी गंमत पुढे आहे, कुठलं मूलद्रव्य कधी किती वाढलं याचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडायला बसलं की तो जुळत नाही तिथे.

सगळ्यात साधं मॉडेल असं की आकाशगंगेत सुरुवातीला होता तेवढाच गॅस, त्यातून तारे, ताऱ्यांतून जड मूलद्रव्यं (म्हणजे हायड्रोजन-हेलियमहून जड सगळी), परत त्यातून नवे तारे, बाहेरून काही येत नाही की जात नाही. हे खरं असतं तर सूर्याच्या आसपास जड मूलद्रव्यं अगदी कमी असलेले म्हातारे तारे ढिगाने सापडायला हवेत, कारण छोटे तारे इतक्यात मरत नाहीत. पण १९६० च्या दशकात मोजदाद झाली तेव्हा फारच थोडे निघाले. म्हणजे बाहेरून ताजा हायड्रोजन येत राहिला असणार, झरा नसलेली विहीर एवढी वर्षं उपसता येत नाही.

लोखंडाचा प्रकार तर अजून भारी, अवजड तारे तीसेक लाख ते काही कोटी वर्षांत फुटून ऑक्सिजन देऊन मोकळे होतात पण बरंचसं लोखंड येतं श्वेतबटूंच्या, म्हणजे छोटे तारे विझल्यावर उरलेल्या गाभ्यांच्या, स्फोटांतून आणि ते पुष्कळ उशिरा, त्यामुळे ताऱ्यातलं या दोघांचं प्रमाण बघून तो कुठल्या काळातला याचा अंदाज लागतो.

आता आपल्याकडचं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या ३० डिश आहेत, त्यावरून पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्र संस्थेच्या लोकांनी ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमधला (आपल्या आकाशगंगेसारख्या इतर तारकासमूहांमधला) हायड्रोजन मोजला. एकेकीचा सिग्नल इतका क्षीण की काहीच दिसत नाही, म्हणून ७,६५३ दीर्घिकांचे सिग्नल एकत्र करून सरासरी काढली! निष्कर्ष असा की ज्या वेगाने त्यात तारे बनत होते त्या वेगाने तो गॅस १०० ते २०० कोटी वर्षांतच संपला असता, आणि पुढे ताऱ्यांची निर्मिती मंदावली ती बहुतेक नवा गॅस पुरेसा न आल्यामुळेच. २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलंय हे.

२८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला खोडदला शाळांची गर्दी होते, तेव्हा डिशखाली उभ्या पोरांच्या फोटोसोबत यातलं चार ओळी तरी टाका की.

– एक वाचक, जुन्नर