मनगटाचं डॉक्टर काय म्हणाले?

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोनवर मनगटाचं बोलता बोलता सांगितलंस आणि लगेच थंडीवर गेलीस. आईला अजून सांगितलेलं नाही. पट्टा रात्रीही बांधतेस ना?

तू कपाटात ठेवून गेलेलं ‘योनेन बझ’ हे जर्मन मांगाचं, म्हणजे जपानी ढंगाच्या चित्रकथेचं, पुस्तक काढलंय. मॅक्सम्युलर भवनातल्या तुझ्या वह्या आणि तो जाड शब्दकोश घेऊन बसतो. एका पानाला अर्धा तास. टोकियोतली पोरं, ‘प्लास्टिक च्यू’ नावाचा बँड, आणि भांडतात सगळी जर्मनमध्ये! कळतं थोडं, पण बँडमधली भांडणं कळायला शब्दकोश लागत नाही. मिरजेच्या गणपतीत आमच्या ऑर्केस्ट्राचा पहिलाच कार्यक्रम होता. ऐन वेळी शिरूकाका गिटार घेऊन रुसून बसला, कारण पोस्टरवर त्याचं नाव बारीक. शेवटी मी एकटाच बोंगो वाजवत पंधरा मिनिटं काढली. घरी आलो तर आबा एवढंच म्हणाले, “यानं पोट भरतं का?” बोंगो अजून माळ्यावर आहेत.

तेव्हा तुझ्या चित्रकथांबद्दल तो प्रश्न मी तुला विचारणार नाही. पण हे पुस्तक काढणारी ती प्लाका, जर्मनीतल्या तुझ्या शेजारच्या ऑफनबाखची, ग्रीक घरातली, १९८३ चा जन्म, हे तूच सांगितलं होतंस. विशीतच ‘डाइसुकी’ मासिकातून ‘प्रशियन ब्लू’ काढायला लागली, त्यातूनच पुढे हे ‘योनेन बझ’. दर महिन्याला पानं द्यायची म्हणजे तिचं मनगट दुखलं नसेल? आणि तिनं जपानविद्येचा अभ्यासही केला, पुढे क्योटोला जाऊन मांगा शिकली. शिक्षण सोडलं नाही. तू एवढं सेमिस्टर तरी…

बघ, सुरू झालं माझं. राहू दे. चूक झाली.

तू पाठवलेलं पान बँकेत सगळ्यांना दाखवलं. त्यातल्या पोरीच्या मांडीवरची ढोलकी! दोरी ताणलेली, कड्या सरकवलेल्या, आणि शाईच्या गोलाला कडेला टवका उडालेला. माझ्याच ढोलकीचा टवका. तो तू सहावीत पाडलास आणि दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतंस. शिपाईमामा म्हणाले, साहेब, हिला हात चांगला आहे. हात म्हटल्यावर मला परत तेच आठवलं.

रात्री दोनपर्यंत काढू नकोस. शाई पहाटेही तेवढीच काळी असते.

पार्सलात मेतकूट, दोन पायमोजे आणि महानारायण तेल आहे. कोमट करून लाव, चोळू मात्र नकोस. तेल कशाला, असं आईनं विचारलं तेव्हा तुझा गुडघा दुखतोय म्हणालो. तिचा फोन आला तर डावा सांग.

तुझा,
बाबा