चि. मृणालला

चि. मृणाल हीस अनेक आशीर्वाद.

सातव्या महिन्यात, जानेवारीच्या बर्फातून, तू गाडी काढून प्लिमथला जाणार म्हणालीस, आणि मी फोनवर नुसतं "बरं" म्हटलं. मला ते बरं वाटलेलं नाही, म्हणून लिहितेय.

डॅनियलचा तो मेफ्लॉवरवरचा, म्हणजे 1620 मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत माणसं घेऊन गेलेल्या जहाजावरचा, पूर्वज शोधायला त्याच्याआधी तू लागलीस याचं मला फार कौतुक आहे. तू समजावलंस ते मी मावशीलाही सांगितलं. पहिल्या पाच पिढ्या वंशजांच्या संस्थेने छापून ठेवल्यात, अडतं ते पुढे. 1790 पासून खानेसुमारी आहे, पण 1850 येईपर्यंत नाव फक्त घरच्या कर्त्याचं, बाकीची माणसं नुसत्या आकड्यांत. बापाच्या मृत्युपत्रात "मुलगी अमकी, अमक्याची बायको" अशी ओळ मिळाली तर सुनेचं माहेर कळायचं.

पण अगं, ती मृत्युपत्रं घरबसल्या कॉम्प्युटरवर दिसतात, हेही तूच म्हणालीस. मग डॅनियलला जाऊ दे की एकट्याला.

102 उतारूंपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात गेले म्हणालीस. माझं मन जहाजावरच्या तीन गरोदर बायकांपाशीच अडकलंय. एलिझाबेथ हॉपकिन्स भर समुद्रात बाळंत झाली, सुझॅना व्हाइट नांगरलेल्या जहाजावर. त्या दोघी वाचल्या. मेरी अ‍ॅलर्टनचं मूल मेलेलंच जन्मलं आणि फेब्रुवारी 1621 मध्ये तीही गेली. तुला दवाखाना आहे, हीटर आहे, कळतं मला. थंडी तीच ना पण?

फार बोलले, रागावू नकोस. बाबाही तुझ्यासारखेच. त्र्यंबकला उपाध्यांनी वहीत पणजोबांची सही दाखवली तर जेवणखाण विसरले. तू भुकेने रडत होतीस आणि ते तुलाच खाली नाव लिहायला लावत होते. "मुलीचं कशाला?" म्हणाले उपाध्ये. बाबांनी ऐकलं नाही. आज ते असते तर तुझ्या शेजारी गाडीत बसले असते, आणि मी दोघांनाही ओरडले असते.

आपल्या बाजूची नावं मागितलीस. माझ्या आजीचं सासरचं नाव सरस्वती, माहेर संगमेश्वरचं. माहेरचं नाव मला ठाऊक नाही, रविवारी नानामामांना विचारून कळवते. तोवर घरीच थांब. निघालीसच तर बर्फाचे टायर घाला, पट्टा पोटाच्या खालून घे, आणि पोचल्यावर आमच्याकडे मध्यरात्र असली तरी फोन कर.

तुझी,
आई