केन्याटांचा धडा १९६३ ला संपवू नका

प्रति,
माननीय शिक्षणमंत्री,
गोवा राज्य, पणजी

महोदय, स. न. वि. वि.

मी बार्देशातला निवृत्त मास्तर. इतिहास शिकवायचो. आफ्रिकेतले स्वातंत्र्यलढे आले की केनियाच्या वाट्याला फळ्यावर तीन ओळी यायच्या: स्वातंत्र्यनेते जोमो केन्याटा, ब्रिटिशांविरुद्धचं माउ माउ बंड, १२ डिसेंबर १९६३ ला स्वातंत्र्य. मग घंटा. दोष पुस्तकावर ढकलत नाही, कारण केनिया माझ्या शेजारच्याच घरात राहत होता आणि मी कधी डोकावलो नाही.

आमच्या वाड्यावर एक म्हातारे आफ्रिकार होते, नैरोबीत कारकुनी करून परतलेले. त्यांच्या बलकावात काळ्या लाकडाचा हत्ती होता, एक सुळा मोडलेला. पावसात कुणाची स्कूटर चिखलात रुतली की ते लेंगा वर खोचून मागून हात लावत आणि ओरडत, ‘हरांबे!’ आम्हा पोरांना ती शिवी वाटायची. पुढे कळलं, ती केन्याटांची घोषणा. सगळे मिळून ओढा. केनियाच्या राजमुद्रेवर हाच शब्द आहे.

माझं मागणं छोटं आहे. आपल्या मुलांना केन्याटा शिकवायचे तर पुरे शिकवा, आणि त्यांच्या कारकिर्दीतली गोंयकार माणसं गाळू नका. ती माणसं गाळली की पुरे केन्याटा दिसतच नाहीत, असं माझं मत आहे.

सुरुवात कापेंगुरियापासून करावी. २० ऑक्टोबर १९५२ च्या रात्री ब्रिटिशांनी आणीबाणी पुकारली, माउ माउचे सूत्रधार म्हणून केन्याटांना उचललं आणि खटला नैरोबीपासून लांब, या आडगावी नेला. तिथे कोर्टाची इमारत नव्हती, शाळेच्या खोलीत कोर्ट भरलं. वकिलांना उतरायला जागा नाही, ते किटाले गावाहून ये-जा करायचे. बचावाच्या फळीत इंग्लंडचे प्रिट, नेहरूंनी पाठवलेले दिवाण चमनलाल आणि विशीतला एक गोंयकार वकील, मुंबईत जन्मलेले फित्झ डिसोझा. न्यायाधीश थॅकर यांना सरकारनं वीस हजार पौंड दिले. मुख्य साक्षीदारानं पुढे १९५८ मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की आपण आमिषापोटी खोटी साक्ष दिली. सात वर्षं सक्तमजुरी झाली ती अशा खटल्यात. शाळेच्या खोलीतला हा खटला मुलांना नाटुकलं म्हणून करायला द्या, वर्ग डोक्यावर घेतील.

आता पिओ गामा पिंटो. जन्म नैरोबीचा, १९२७ चा, शिक्षण इकडे. पोर्तुगिजांविरुद्ध उभे राहिले, केप व्हर्दच्या तराफालच्या छळछावणीत रवानगी होणार असं कळल्यावर केनियाला निघून गेले. तिथे माउ माउच्या बंडखोरांना मदत केली म्हणून १९५४ मध्ये ब्रिटिशांनी त्यांना मांडा बेटावर डांबलं. सुटल्यावर केन्याटांच्या सुटकेसाठी, त्यांच्या कानू पक्षासाठी राबले. १९६१ च्या ऑगस्टमध्ये केन्याटा सुटले, १९६३ च्या जूनमध्ये पंतप्रधान झाले, पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष. पिंटोही १९६४ मध्ये खासदार झाले. इथवरची गोष्ट आपल्याला आवडते. दोन देशांच्या स्वातंत्र्यासाठी लढलेला आपला माणूस!

फेब्रुवारी १९६५. नैरोबीतलं पिंटोंचं घर, फाटक उघडायची वाट बघत थांबलेली गाडी, गाडीत धाकटी मुलगी. मारेकऱ्यांनी जवळून गोळ्या घातल्या. अडतिसावं वर्ष पुरं व्हायचं होतं. एक तरुण दोषी ठरला, ‘मी मारलं नाही’ म्हणत तो २००१ पर्यंत तुरुंगात राहिला. हुकूम कुणाचा, हे कोर्टात कधीच सिद्ध झालं नाही. त्यामुळे मीही इथे बोट दाखवणार नाही. पण हे केन्याटांच्या राज्यात घडलं, आणि पिंटो तेव्हा गोऱ्यांच्या जमिनी भूमिहीनांना मिळाव्यात म्हणणाऱ्या गटात होते, एवढं तरी मुलांना कळू दे.

जमीन हीच मेख होती. बिल्डाड काग्गिया कापेंगुरियात केन्याटांबरोबर शिक्षा झालेला साथी. तो भूमिहीनांची बाजू सोडेना, तेव्हा केन्याटांनी त्याला भर सभेत सुनावलं: आपण तुरुंगात एकत्र होतो, बाकीच्यांनी बसगाड्या घेतल्या, कॉफी लावली, तू स्वतःसाठी काय केलंस? हरांबे म्हणणाऱ्या माणसाचा हा प्रश्न मला अजून चावतो. केन्याटांच्या कुटुंबाच्या नावावर पुढे किती जमीन जमली, हा केनियात आजही वादाचा विषय आहे.

पिंटोंचे मित्र जोसेफ मुरुंबी, बाप गोंयकार, आई मसाई. १९६६ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी पायउतार झाले. कारण दिलं प्रकृतीचं. मंत्री टॉम म्बोयांचा खून १९६९ मध्ये, खासदार जे. एम. कारियुकींचा १९७५ मध्ये. विरोधी पक्षावर बंदी आली, एकेकाळचे उपराष्ट्राध्यक्ष ओडिंगा स्थानबद्ध झाले. २२ ऑगस्ट १९७८ ला केन्याटा मोंबासात वारले ते सत्तेतच.

केन्याटांना खलनायक करा असं माझं म्हणणं नाही. इतकी वर्षं डांबलेल्या माणसानं १९६३ मध्ये नाकुरूला गोऱ्या शेतकऱ्यांसमोर उभं राहून ‘झालं गेलं विसरू’ म्हणणं सोपं नव्हतं. शेजारच्या युगांडात इदी अमीननं आशियाई लोकांना हाकललं, तसं केनियात झालं नाही. व्यापाराच्या परवान्यांचे नियम आवळल्यामुळे हजारो लोक निघून मात्र गेले. आमचे आफ्रिकारही त्याच काळात परतले.

ते आता नाहीत. घर विकायला काढलंय. माळ्यावर पत्र्याची ट्रंक आहे, तिच्यात नैरोबीची वर्तमानपत्रं, पत्रं, फोटो. मुलगा म्हणतो, गिऱ्हाईक ठरलं की रद्दीवाल्याला बोलावणार. पुस्तक बदलायला वेळ लागतो हे मास्तर म्हणून मला ठाऊक आहे. तोवर पुराभिलेख खात्याचा एखादा माणूस इकडे पाठवता आला तर बघा. ट्रंकेची किल्ली सध्या माझ्याकडे आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक
बार्देश