रंगीत बिल्ड आणि रंगांध प्रोग्रॅमर

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

तंत्रज्ञान पुरवणीत एआयवर भरभरून छापून येतं. आम्ही प्रोग्रॅमर मंडळी दिवसभर ज्याच्याकडे डोळे लावून बसतो, त्या टर्मिनलमधल्या (कमांड टाइप करण्याच्या खिडकीतल्या) बिल्डच्या, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्याच्या कामाच्या, आउटपुटबद्दल मात्र अवाक्षर नसतं.

मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. पुरुषांमध्ये हे दुर्मीळ नाही. आमच्या टीममधल्या एकाने हौसेने बिल्डची स्क्रिप्ट 'देखणी' केली: फाइल कंपाइल झाली (तिच्यातल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर झालं) की हिरवा ठिपका, फसली की लाल. शब्द एकही नाही. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी मातकट ठिपक्यांच्या रांगा न्याहाळत बसलो. 'यातला लाल कुठला रे?' हे शेजाऱ्याला किती वेळा विचारणार?

रंगांशी माझं वैर नाही. जीसीसी या कंपायलरच्या एररमध्ये २०१४ पासून, म्हणजे ४.९ आवृत्तीपासून, रंग आहेत. पण 'एरर' हा शब्द तिथे लिहिलेला असतो. फाइलचं नाव, ओळीचा क्रमांक, चुकलेल्या जागेखाली '^' ही खूण, सगळं जागच्या जागी. रंग काढला तरी काही अडत नाही. आमच्या स्क्रिप्टचं आउटपुट मात्र लॉग फाइलमध्ये गेलं की रंगांचे कोड कचऱ्यासारखे पसरतात, कारण समोर टर्मिनल आहे की फाइल, हे ती तपासतच नाही. रंग नकोत असं सांगणाऱ्या 'नो_कलर' व्हेरिएबलचीही दखल घेत नाही.

खरं तर वाचनीयता येते ती कमी बोलण्यातून. लिनक्स कर्नलचा (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा) बिल्ड एका फाइलमागे एक छोटी ओळ छापतो; पूर्ण कमांड हवी तर 'व्ही=१' द्या. निंजा हा बिल्ड चालवणारा प्रोग्रॅम टर्मिनलवर एकच ओळ पुसून पुन्हा लिहितो आणि काही फसलं तरच ती कमांड आणि तिचं आउटपुट एकत्र दाखवतो. तशाच मेक या प्रोग्रॅमला अनेक कामं एकदम दिली की चार फाइलींच्या तक्रारींची खिचडी होते. त्यावर ग्नू मेक या त्याच्या प्रकारात २०१३ पासून एकेका कामाचं आउटपुट एकत्र ठेवणारा 'आउटपुट-सिंक' हा पर्याय आहे, पण वापरतो कोण!

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच: बिल्ड मुद्दाम मोडा, रंग बंद करा, आउटपुट फाइलमध्ये घ्या. कोणती फाइल, कितव्या ओळीवर फसली, हे त्यातून कळलं नाही तर सजावट थांबवून आधी तेवढं लिहा.

आपला,
एक रंगांध प्रोग्रॅमर