सुपरमॅन आणि आमचे साडेबारा टक्के

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

मागे तुमच्या पेपरात सुपरमॅनच्या चित्रकाराच्या भाच्याने केस टाकल्याची चार ओळींची बातमी आली होती. मग एका वाचकाचं पत्र आलं, की हे वारसदार म्हणजे फुकटे, मामाने विकलेली वस्तू ८७ वर्षांनी परत मागतायत, उद्या आम्ही पण आजोबांनी विकलेली सायकल मागायला जातो. वाचून हसलो खरा, पण नंतर डोक्यातून जाईना. मी घणसोली गावातला, आमच्या घरात विकून झालेल्या वस्तूचा विषय जेवणाच्या ताटावर निघतो म्हणून हे पत्र. थोडं लांबलंय, कापायचं तर मधलं कापा, पण जमिनीचं ठेवा.

आधी विकलं काय आणि कितीला ते बघूया. जेरी सीगल लिहिणारा, जो शूस्टर काढणारा, दोघं क्लीव्हलँडचे, शाळेतले मित्र. सुपरमॅन घेऊन कितीतरी वर्षं पेपरवाल्यांच्या दारात फिरले, कुणी घेईना. शेवटी मार्च १९३८ मध्ये एका कंपनीने घेतला, सगळे हक्क कायमचे, १३० डॉलरमध्ये. दोघंही तेव्हा २३ वर्षांचे. चेक होता ४१२ डॉलरचा, त्यात बाकीच्या कामाचे पैसे पण होते आणि सुपरमॅनचे १३० वेगळे लिहिलेले. गंमत म्हणजे चेकवर दोघांची नावं पण धड लिहिली नव्हती, त्यामुळे मागे दोनदा सह्या कराव्या लागल्या. तोच चेक २०१२ मध्ये लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला गेला, म्हणजे सुपरमॅन विकून जे मिळालं त्याच्या हजारपटीने जास्त भाव त्या पावतीला आला.

आणि या दोघांचं काय झालं, तर १९४७ मध्ये ते कोर्टात गेले, पुढच्या वर्षी ९४ हजाराच्या आसपास घेऊन तडजोड केली आणि काम गेलं ते गेलंच. सत्तरच्या दशकात मोठा सिनेमा येणार म्हणून गाजावाजा सुरू होता तेव्हा सीगल टायपिस्ट क्लार्कची नोकरी करत होता आणि शूस्टरला नीट दिसत नव्हतं. दुसऱ्या चित्रकारांनी आरडाओरडा केला तेव्हा १९७५ मध्ये कंपनीने वर्षाला २० हजार डॉलर पेन्शन आणि नाव द्यायचं कबूल केलं. हे पण हक्क म्हणून नाही हां, मेहरबानी म्हणून.

आता सायकलवाल्या भाऊंचा मुद्दा. विकलं ते विकलं. आमच्या कट्ट्यावर पण हेच म्हणतात, ठाण्यात नौपाड्यात कुणी ९५ साली फ्लॅट विकला आणि आज त्याचे दीड कोट झाले म्हणून त्याचा नातू बेल मारायला येतो का? नाही येत. मान्य. पण फ्लॅट विकताना दोघांना माहीत असतं फ्लॅट म्हणजे काय, किती स्क्वेअर फूट, कुठल्या मजल्यावर. १९३८ च्या मार्चमध्ये सुपरमॅन म्हणजे काय हे घेणाऱ्यालाही माहीत नव्हतं आणि विकणाऱ्यालाही नव्हतं, कारण पहिला अंकच अजून छापला नव्हता.

हीच गोष्ट आमच्या जमिनीची. १९७० नंतर ठाणे, पनवेल, उरण मिळून ९५ गावांची जमीन नवी मुंबईसाठी गेली, भाताची शेतं, मिठागरं, तेव्हाच्या सरकारी दराने. आजोबांनी पैसे घेतले, अंगठा दिला, कागद आजही आहे. त्या हिशोबाने विषय संपला होता. पण लोक आमचे शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील साहेबांच्या मागे उभे राहिले, जानेवारी १९८४ मध्ये उरणकडे दोन दिवस गोळीबार झाला, पाच माणसं गेली, आणि त्यानंतर गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत द्यायचं ठरलं. नव्वदच्या दशकात प्लॉट हातात यायला लागले. मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते की सरकारने अंगठा खोटा ठरवला नाही. अंगठा खरा, पैसे दिले तेही खरे, पण भाव ठरला तेव्हा इथे शहर नव्हतं, आता आहे, तर त्या शहरातला थोडा तुकडा तुमचा. फरक आहे, मला कळतं, आमची जमीन सक्तीने गेली आणि त्या पोरांनी आपल्या हाताने सही केली. पण पाच वर्षं दारोदार हिंडलेल्या २३ वर्षांच्या पोराच्या सहीत किती राजीखुशी असते ते कुठल्याही स्ट्रगलरला विचारा.

आणि अमेरिकेच्या कायद्यात असे साडेबारा टक्के आहेत बरं का! तिकडे आधी कॉपीराइट जास्तीत जास्त ५६ वर्षांचा असायचा. १९७६ च्या कायद्याने तो १९ वर्षांनी वाढवला, पुढे अजून वाढला. मग प्रश्न आला की ही वाढीव वर्षं कुणाची, कारण विकणाऱ्याने विकलं तेव्हा ती वर्षं अस्तित्वातच नव्हती. म्हणून कायद्याने सांगितलं, ५६ वर्षांनी कलाकार किंवा त्याची बायकोमुलं नोटीस देऊन हक्क परत घेऊ शकतात. म्हणजे कुणाचं काही ओरबाडणं नाही, सरकारने वाढवून दिलेल्या मुदतीत वाटा आहे. सीगलच्या बायकोने आणि मुलीने १९९७ मध्ये अशी नोटीस दिली, २००८ मध्ये कोर्टाने त्यांचा वाटा मान्य पण केला. (ही बायको कोण माहितीये? सुपरमॅनच्या नायिकेचं चित्र काढताना शूस्टरसमोर मॉडेल म्हणून बसलेली मुलगी.) ती २०११ मध्ये गेली आणि २०१३ मध्ये वरच्या कोर्टाने सांगितलं, तुमच्या वकिलाने २००१ मध्ये कंपनीची ऑफर मान्य केल्याचं पत्र पाठवलं होतं, तोच करार, विषय बंद. एका पत्राने!

शूस्टरच्या बाजूने तर अजून साधं. तो १९९२ मध्ये वारला, कर्ज होतं, बहिणीने वर्षाला २५ हजार डॉलर घेऊन बाकीचे दावे सोडले, तशी सही केली. आता तिचा मुलगा २०२५ च्या जानेवारीत जे घेऊन गेला तो मुद्दा वेगळा आहे, तो अमेरिकेतले हक्क मागत नाहीये. इंग्रजांच्या जुन्या १९११ च्या कायद्यात होतं की लेखकाने हक्क विकले तरी तो गेल्यावर २५ वर्षांनी ते वारसांकडे येतात, म्हणून इंग्लंड, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया इथले हक्क आमचे, असं त्याचं म्हणणं. न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टाने एप्रिलमध्ये सांगितलं हे आमच्या अखत्यारीत नाही, आणि जुलैमध्ये सुपरमॅनचा नवा सिनेमा ठरल्या दिवशी लागला. मी पण मुलीला घेऊन बघितला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या हिरोंचं थोडक्यात. मार्वल कंपनीचे हिरो काढणारा चित्रकार जॅक कर्बी, त्याच्या मुलांनी २००९ मध्ये नोटिसा दिल्या, कोर्ट म्हणालं तुमचा बाप कंपनीसाठी काम करत होता, मालक कंपनी. सुप्रीम कोर्ट हात घालेल की काय अशी वेळ आली तेव्हा २०१४ मध्ये मार्वलने मिटवून टाकलं, किती दिले ते बाहेर आलं नाही. बॅटमॅन घडवणाऱ्या दोघांपैकी लेखक बिल फिंगर, त्याचं तर फक्त नाव लागायला हवं होतं, तो १९७४ मध्ये गेला आणि नाव लागलं २०१५ मध्ये.

मला यात एवढा इंटरेस्ट का, तर माझं पोट डीटीपी आणि डिझाइनवर आहे. २०११ मध्ये एका फरसाणवाल्याला मिशीवाली मिरची काढून दिली होती, चार हजार रुपये, पाकिटात. आज ती मिरची पाकिटांवर आहे, टेम्पोवर आहे, ठाणे-बेलापूर रोडवर रोज भेटते, आणि हल्ली मिशी काढून तिला गॉगल लावलाय. मिशीचं जास्त लागलं मला. विचारलं तर म्हणे दादा पैसे दिलेत ना. मग एका ओळखीच्या वकिलांकडून कळलं की आपल्या १९५७ च्या कायद्यात हक्क दिल्याचं लेखी सहीनिशी लागतं, त्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात, आणि कामाची मोडतोड करून नाव खराब केलं तर हरकत घ्यायचा अधिकार हक्क विकल्यावरही कलाकाराकडे राहतो. पण तुम्ही पगारावर असाल तर बहुतेक वेळा मालक कंपनीच, आणि कागदावर 'कायमचे' लिहून सही केली असेल तर ५६ वर्षांनी परत घ्या असलं काही आपल्याकडे नाही. मी काय लिहून दिलं होतं ते मलाच आठवत नाही, बिलाच्या खाली सही केली होती एवढं खरं.

पण वारसांना सगळंच द्या असं मी म्हणणार नाही. भाच्याने काही चित्र काढलं नव्हतं. आमच्याकडे पण प्लॉट मिळाले आणि अर्ध्या लोकांनी ते बिल्डरला देऊन टाकले, आता त्यांचीच पोरं त्या बिल्डिंगीत वॉचमन आहेत, म्हणजे परत मिळालं की शहाणपण येतंच असं नाही. आणि तो पहिला सुपरमॅन अमेरिकेत १ जानेवारी २०३४ ला सगळ्यांचाच होणार आहे, तेव्हा ना कंपनी ना भाचा. तोपर्यंत बाराआणे कंपनीने खावेत, चाराणे घरच्यांना द्यावेत, आणि नाव पहिल्या दिवसापासून, एवढंच.

जाता जाता, साहेब, तुमच्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या गोष्टीला छान चित्र असतं, हत्तीचं वगैरे. लेखकाचं नाव ठळक असतं, चित्रकाराचं गेल्या तीन रविवारी नव्हतं. कोण काढतं ते सांगाल का?

आपला एक वाचक,
घणसोली गाव, नवी मुंबई