जगाचा शेवट, पांढराफटक

प्रिय शऱ्या,

आधी तुझ्यावरचा राग. श्रीलंकेला निघताना मी स्वेटर भरत होतो तर तू हसलास. ‘विषुववृत्ताजवळ चाललायस, वेड्या!’ तुझं ऐकलं आणि पहाटे साडेपाचला हॉर्टन प्लेन्स या राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावर दात वाजवत उभा राहिलो. बेट उष्ण कटिबंधातलं, कबूल; पण हे पठार २१०० मीटरच्याही वर आहे. जानेवारी-फेब्रुवारीत इथे पहाटे गवतावर हिमकणसुद्धा पडतात. ड्रायव्हरला कीव आली, त्याने आपलं जर्किन दिलं. ते मला कोपरापर्यंतच आलं.

फाटकावर सॅकची झडती झाली. प्लास्टिक आत न्यायचं नाही. बिस्किटं कागदात बांधून दिली, बाटलीचं लेबलही सोललं. तेव्हा वैतागलो, पण पुढे साडेनऊ किलोमीटरच्या फेरीत एकही वेष्टन दिसलं नाही, मग मुकाट्याने कौतुक केलं.

आत शिरतो न शिरतो तोच एक सांबर! भलंमोठं शिंगाळ, आणि भिण्याऐवजी थेट माझ्या बिस्किटांच्या दिशेने आलेलं. माणसांनीच खाऊ घालून घालून त्याला लाचावलंय. मी दिलं नाही, पण बघत मात्र अर्धा तास उभा राहिलो. हा अर्धा तास पुढे नडला.

त्यात फाट्यावर मी ‘वर्ल्ड्स एंड’ या कड्याची वाट सोडून धबधब्याची धरली. तो बेकर्स फॉल्स. नाव सॅम्युएल बेकरचं, म्हणजे इथे शिकारी करत हिंडलेल्या इंग्रजाचं. पठाराचं नावही रॉबर्ट विल्मट-हॉर्टन या गव्हर्नरवरून पडलं. मूळचं महाएलिया किती गोड होतं! त्या साहेबलोकांनी हत्ती इतके मारले की आज या पठारावर एकही नाही. राष्ट्रीय उद्यान व्हायला १९८८ उजाडलं.

धबधबा बरा आहे. मला खरं आवडलं ते पठारच. पिवळट गवत, मधूनच लालबुंद ऱ्होडोडेंड्रॉन, कडेला छत्रीसारखे सपाट माथ्याचे बुटके वृक्ष, आणि पायाखाली सगळीकडे झिरपणारं पाणी. महावेली, केलनी, वालवे या तिन्ही नद्यांना इथूनच पाणी मिळतं. असल्या चिखलात बूट रुतला की शिवी द्यावी की नमस्कार करावा, कळत नाही.

‘वर्ल्ड्स एंड’ला पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. सुमारे ८७० मीटरचा सरळ तुटलेला कडा, खाली चहाचे मळे, असं सगळं वाचून गेलो होतो. दिसलं काय? पांढरं. नुसतं पांढरं. धुकं नऊ-दहाला कड्यावर चढतं, म्हणून शहाणे लोक आधी इथे येतात आणि धबधबा परतीला ठेवतात. पाऊण तास बसलो. शेजारचं एक कुटुंब हौसेने फोटो काढत होतं. ते फोटो न्हाणीघराच्या भिंतीसमोर काढलेत म्हटलं तरी खपतील.

पुढच्या जानेवारीत मी परत जाणार आहे, आणि तू सोबत येणार आहेस. सांबराकडे बघायचं नाही, फाट्यावर थेट कड्याची वाट. स्वेटर दोन घे. एक माझ्यासाठी, दंड म्हणून.

तुझा,
मन्या