पहाटेची भरती सोडा, बाबा

बडोदे,
पौष शु. सप्तमी

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, तुझं पार्सल शनिवारी मिळालं. सोडे (सुकवलेली कोळंबी) अगदी खडखडीत, पिशवीला जराही ओल नाही. अर्धे वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिले. त्यांचं घराणं गायकवाडी अमलापासून इथे दांडिया बाजारात. बोलताना मराठीत मध्येच गुजराती येतं, पण सोड्यांची खिचडी अस्सल सीकेपी. रविवारी डबा भरून आणून दिला आणि म्हणाल्या, "आईला सांग, असे सोडे इथे बघायलाही मिळत नाहीत."

बाबा, आता तुमच्याशी बोलायचं आहे. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मलाही मनातलं नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो. अमावास्येच्या उधाणाला तुम्ही पहाटे चारला एकटेच होडी घेऊन गेलात. धुक्यात समोरचं दिसेना, होडी वाळूत रुतली, आणि तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उतरून ती ढकललीत. घरी आलात तेव्हा बोटं इतकी आखडली होती की सदऱ्याची बटणं आईने काढली. टोपलीत चार बोयी आणि एक शेंगटी. हे सगळं मला आईकडून कळलं. तुम्ही फक्त एवढंच म्हणालात, "आता हाताला यश नाही रे."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. हात तुमचाच आहे, पाग (हाताने फेकायचं जाळं) अजून तसाच गोल पडतो, दिवाळीत मी बघितला. बदललंय ते पाणी.

गेल्या महिन्यात एकादशीला कंपनीच्या कामाने भरूचला गेलो होतो. काम लवकर संपलं, मग नर्मदेवर गेलो. १८८१ चा जुना लोखंडी पूल आहे तिथे, गोल्डन ब्रिज म्हणतात, त्याच्या खाली काठाला बसलो. तुमचा भरतीच्या वेळेचा हिशेब मनात केला: तिथीची तीनपट, भागिले चार. अकरा त्रिक तेहतीस, म्हणजे सव्वाआठची भरती, दुपारी दोन-सव्वादोनला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. बघतो तर दोन वाजून गेले तरी पाणी चढतंच आहे! आयुष्यात पहिल्यांदा तुमचा हिशेब चुकलेला बघितला. शेजारी जाळं सांधत एक म्हातारे मच्छीमार बसले होते, त्यांनी समजावलं. खंभातचं आखात नरसाळ्यासारखं आत निमुळतं होत जातं. समुद्राचं पाणी आत शिरायला उशीर लागतो, आणि जागा कमी होत गेली की ते उंच चढतं. भावनगरकडे उधाणाला भरती-ओहोटीत दहा मीटरांचा फरक पडतो. आपल्याकडे पुरुष-दीड पुरुष पाणी चढलं तरी आपण मोठं उधाण म्हणतो.

मी विचारलं, थंडीत काय मिळतं? ते म्हणाले, पूर्वी पावसाच्या लोंढ्यावर समुद्रातून पाला मासा वर चढायचा (ते त्याला चाकसी म्हणतात), त्यावरच वर्ष निघायचं. थंडीची मासळी हा वरचा पैसा. आता पाला घटला आणि थंडीत नदीला जोर उरला नाही. वर सरदार सरोवराची भिंत १३८.६८ मीटर, २०१७ मध्ये तिचे दरवाजे बंद झाले. पाणी मुख्य कालव्याने ४५८ किलोमीटर राजस्थानच्या हद्दीपर्यंत जातं. तो कालवा आपल्या बडोद्याच्या अंगणातूनच जातो, मी त्याच्यावरून कितीदा गेलोय. खाली गोडं पाणी कमी आलं की खारं पाणी वर सरकतं. पाऊस संपला की ते आणखी जाणवतं, कारण मग समुद्राला मागे रेटायला नदीत काहीच नसतं. पुढे भाडभूतला नदीवर आडवा बंधारा बांधतायत, खारं पाणी अडवायला. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज बसला. जाळ्यातली सुई तशीच थांबली होती.

आई, तुझ्यासाठी एक गंमत. नर्मदेच्या मुखाशी आलियाबेट म्हणून बेट आहे. तिथल्या फकिराणी जतांचे खाराई उंट खाडी पोहून जातात आणि तिवरं खातात. उंट, आणि पोहतो!

घरी येताना सारखी आपली कोकणातली वाशिष्ठी नदी आठवत होती. तिचं नशीब नर्मदेच्या उलट. कोयना धरणाचं पाणी पोफळीच्या वीजघरात वीज करून खाली सुटतं आणि वाशिष्ठीत येतं, म्हणून ऐन थंडीतही तिच्यात गोडं पाणी असतं. आजोबा सांगायचे की कोयना व्हायच्या आधी माघापर्यंत खारं पाणी पार वर चढायचं. म्हणजे आपल्या खाडीला पाण्याची तूट नाही. पण गाळ किती साचलाय, तुम्हीच म्हणता पूर्वी जिथे काठी टेकत नव्हती तिथे आता गुडघाभर पाणी आहे. वरून कारखान्यांचं पाणी येतं तेव्हा मासे पोट वर करून तरंगलेले तुम्ही किती वेळा पाहिलेत. यात तुमच्या हाताचा काय दोष?

आणि थंडी. इथे विश्वामित्री नदीत मगरी आहेत, आपल्या वाशिष्ठीत आहेत तशाच. कामाटी बागेच्या पुलावरून मी सकाळी जातो तेव्हा काठ मोकळा असतो. दहा-साडेदहाला ऊन तापलं की एकेक बाहेर येऊन पडते. तुम्हीच मला लहानपणी सांगितलं होतं, "थंडीत बोय आळशी होते, उन्हं चिखलावर आली की चरायला वर येते." मग पहाटे चारला ती कुठे असणार? खोल कोंडीत, गप्प. त्यात पौषाचं पाणी निवळशंख. अंगावर सावली पडली तरी मासा पळतो.

म्हणून मी तुमच्याच हिशेबाने कॅलेंडर घेऊन बसलो. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकराची भरती, म्हणजे पाच वाजता सुकतीला जागेवर असायला हवं. ती तुम्ही सोडा. अष्टमीला पाणी दुपारी चढतं खरं, पण भांग (कमी चढणारी भरती) असतो, ते चिखलावर पोचतच नाही. तृतीया ते षष्ठी मात्र बघा: सव्वादोन ते साडेचारची भरती. म्हणजे सकाळी आठ ते सव्वादहानंतर पाणी चढायला लागतं, तोवर उघडा चिखल उन्हाने तापलेला असतो आणि त्यावर पाणी येतं. मतलई वारा पडलेला, धुकं गेलेलं. दोन्ही पक्षांत मिळून महिन्याला आठ दिवस. आपली जागा वर आहे म्हणून पाऊण तास इकडेतिकडे होईल, ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

या आठ दिवसांत धाकट्या काकांच्या मुलाला सोबत न्या. त्याला पाग टाकता येत नाही, पण वल्हं मारेल. मी त्याच्याशी बोललोय, तो तयार आहे. तुम्ही फक्त हाक मारायची.

रबरी बूट आणि डोक्याला बांधायची बॅटरी पाठवली आहे. बॅटरी संध्याकाळी परतताना उशीर झाला तर म्हणून, पहाटेसाठी नाही. आई, ती तुझ्याकडे ठेव. उत्तरायणाची सुट्टी जोडून मी येतोय, तेव्हा कृष्ण तृतीया बघून दोघं जाऊ. पाग तुम्ही टाका, होडी मी धरतो.

तुमचा,
बाळू